बाई चालतात तसं

शाळेत त्यांना सगळे खेळाच्या बाई म्हणायचे. पहिली-दुसरीच्या पोरांना तोल सांभाळायला शिकवणं हे त्यांचं खास काम. एका पायावर उभं राहा, डोक्यावर पुस्तक ठेवून चाला, आणि मग वीतभर उंचीच्या लाकडी फळीवरून पलीकडे जा. नुसतं तोंडानं सांगण्यावर बाईंचा काडीचा विश्वास नव्हता. "या वयात पोरं ऐकत नाहीत हो, बघतात," असं म्हणायच्या आणि दर तासाला आधी स्वतः फळीवरून चालून दाखवायच्या.

हल्ली मात्र फळी दिसली की बाई धास्तावायच्या. बरेच दिवस झाले, चालताना जमीन डावीकडे कलतेय असं वाटायचं. वडिलांचं असंच सुरू झालं होतं, आणि वर्षभरात त्यांनी अंथरूण धरलं ते कायमचंच. बाईंनी कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. नवऱ्यानं विचारलं तर "झोप झाली नाही" म्हणून मोकळ्या. डॉक्टरचं नाव निघालं की विषय बदलायच्या. आता या बाईला काय म्हणावं! फळीवर अजून जमतंय ना, एवढ्या भरवशावर दिवस ढकलणं चाललं होतं.

त्या सकाळी बाई चालून दाखवून उतरल्या आणि मुलं एकेक करून फळीवर चढली. पहिली मुलगी मध्यावर डावीकडे झुकली आणि खाली आली. तिच्यामागची दुसरीही. मग तिसराही. पोरं दरवर्षी पडायची, पण वाट्टेल तिकडे पडायची. सगळी एकाच अंगाला कशी?

"सरळ चाला की रे, वाकता कशाला?" बाईंचा आवाज चिरकला.

"तुम्हीच तर अशा चालता," एक दातपडकी पोरगी म्हणाली.

बाई तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी विचारलं, "कशी चालते मी? खाली चालून दाखव बघू."

पोरीला तेवढंच हवं होतं. ती मैदानात निघाली. मान डावीकडे, खांदा पडलेला. इथवर बाईंना ठाऊक होतं. पण पोरगी डावा पाय मातीतून फरफटत नेत होती, आणि बाकीची पोरं हसतसुद्धा नव्हती. त्यांना ते रोजचंच होतं.

बाईंनी मागे वळून पाहिलं. शाळेच्या दारापासून फळीपर्यंत, त्यांच्या उजव्या पावलाच्या ठशांशेजारी मातीत एक लांब रेघ ओढलेली होती.

मुलांना खाली बसवून त्यांनी नवऱ्याला फोन लावला.

"मला न्यायला ये," त्या म्हणाल्या. "इतके दिवस तुझ्यापासून लपवलं. मला फार भीती वाटतेय रे."