पहिली टाळी

हिंगोली जिल्हा झाला त्या सुमारास आमच्याकडे आदर्श शिक्षकांच्या पुरस्कार समारंभांना ऊत आला होता. बक्षिसांआधी शिक्षकच संगीत नाटकातला एखादा प्रवेश करत आणि मी पेटी वाजवत असे. तालुक्याचा एक कारकून दर वेळी पहिल्या रांगेत, आपल्या साहेबांच्या शेजारी बसलेला असायचा. गाण्यातलं त्याला खरोखर कळत होतं, म्हणूनच मला त्याची जास्त किळस यायची. कारण त्याची नजर स्टेजवर नसून साहेबांच्या हातांवर असे. ते हलले की हा "वाह, क्या बात!" ओरडून टाळ्या पिटायचा, आणि त्याच्यामागून सगळं सभागृह.

एकदा आखाडा बाळापूरला हट्टा गावच्या शाळेतल्या एक बाई घशाच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच गायल्या. अशा गायल्या की पेटीवर माझी बोटं अडखळली. समोर त्या लाळघोट्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. पद संपलं, तेव्हा साहेब चक्क घोरत होते. त्यानं मांडीवरचे हात उचलले नाहीत, म्हणून मागेही कुणी टाळी वाजवली नाही. बाई मान खाली घालून आत गेल्या.

कार्यक्रम संपल्यावर तो पडद्यामागं आला.

"बाई, काळीज हललं बगा. पन साहेबांचा डोळा लागला व्हता. त्यांला तकलीफ काहून द्यावी?"

"इथं साहेब न्हाईत," बाई म्हणाल्या. "आता वाजवा."

त्यानं हात वर घेतले. तेवढ्यात बाहेर जीप सुरू झाली, आणि तो साहेबांसाठी दार धरायला पळाला.