खिडकीतून शिकलेली फरशी

लेव्हलदादा पहाटे साडेचारला उठायचा. त्याचे गुडघे पाचला उठायचे. मधला वेळ तो खाटेच्या कडेवर बसून पाय लांब करायचा, जवळ घ्यायचा, चोळायचा. आतून बायको विचारायची, "उठलं का हो तुमचं जुळं?"

"एक उठलंय. दुसरं कुरकुरतंय."

धंदा फरशी बसवायचा. खरं नाव रेशनकार्डावर असेल, पण कामावर सगळे त्याला लेव्हलदादा म्हणत. नावामागे कारण होतं. फरशी बसली की तो आधी लेव्हल बघायचा, मग थापीच्या दांड्याने प्रत्येक तुकडा वाजवून बघायचा. आवाज भरीव आला तर पुढे. पोकळ आला तर उचल, खरवड, सिमेंटचा नवा माल घाल, परत बसव. ठेकेदार शिव्या घालत. पुढच्या कामालाही त्यालाच बोलवत. गुडघ्याखाली पोत्याची घडी, वरून दोरी करकचून बांधलेली. एवढंच त्याचं संरक्षण.

त्याने एक गोष्ट मनाशी पक्की केली होती. मुलगी जमिनीवर गुडघे टेकून कधी काम करणार नाही. घरात कपाट यायच्या आधी तिच्यासाठी टेबल-खुर्ची आली. बादली तिने उचलायची नाही, फरशी पुसायची नाही. लहानपणी शाळा सुटली की ती त्याचा डबा घेऊन कामावर यायची, पण आत यायला बंदी. सिमेंटची धूळ छातीत जाते. ती बाहेरूनच खिडकीच्या कट्ट्यावर डबा ठेवायची आणि तिथेच हनुवटी टेकून उभी राहायची. "घरी जा, अभ्यास कर," तो ओरडायचा. ती हो म्हणायची आणि तिथेच असायची.

मुलगी कॉलेजात गेली. दुसऱ्या वर्षाच्या वसंतातल्या सुट्टीत तिने घरी जाहीर केलं की कॉलेजची मुलं डोंगरातल्या एका गावी चालली आहेत. पावसाळ्यातल्या पुराने तिथल्या शाळेची वाट लावली होती. ती दुरुस्त करायची, फुकट.

"फुकट?" लेव्हलदादा म्हणाला. "आणि डोंगरात?"

"बाबा, सगळे चाललेत."

"सगळ्यांचे बाप वेगळे आहेत."

बायको म्हणाली, "जाऊ द्या हो. मुलगी आहे, काचेचं भांडं नाही."

त्याने मुलांना घेऊन जाणाऱ्या सरांना फोन लावला. घाटात बस कोण चालवणार? त्याची झोप झालेली असेल का? मुलींच्या खोलीला कडी आतून आहे की बाहेरून? सर म्हणाले, दोन्हीकडून आहे. "मग बाहेरची काढून टाका." सर बिचारे काढतो म्हणाले, आणि गेल्या गेल्या पहिलं काम त्यांनी तेच केलं.

मुलीने वचन दिलं होतं की ती भिंती रंगवेल आणि गावातल्या पोरांना शिकवेल. तेवढ्यावर त्याने मान डोलावली होती. पण चौथ्या दिवशी तिचा फोन आला.

"बाबा, ठरलेला मिस्त्री आलाच नाही. दुसरीकडे मोठं काम मिळालं त्याला. वर्गाला फरशी नाही, नुसता मातीचा राडा आहे. मग मी सरांना म्हटलं, मला येतं."

"काय येतं?"

"फरशी बसवायला."

लेव्हलदादाच्या हातातला चहा हातातच राहिला. "तुला बादली उचलता येत नाही."

"आता येते," ती म्हणाली.

त्याने फोन ठेवला. मग बायकोला म्हणाला, "गुडघ्यावर बसलीये ती तिथे. मग मी आयुष्यभर कशासाठी टेकले?"

"मला काय विचारता? तिलाच जाऊन विचारा."

"विचारत नाही. घेऊनच येतो."

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने पिशवी भरली. बायकोने पिशवीत डोकावलं. "घेऊन यायला चाललाय तर थापी कशाला?"

"राहू दे. सवय आहे."

बसने घाटात त्याची हाडं खिळखिळी केली. मग चढ. गुडघ्यांनी वाटेत दोनदा संप पुकारला, त्याने ऐकलं नाही. शाळा दिसली तेव्हा दुपार झाली होती. दाराशी मालाचा ढीग होता, आत ताजी फरशी. तिच्यावर पाय टाकायचा नसतो हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तो वळसा घालून मागे गेला आणि दारासमोरच्या खिडकीशी उभा राहिला. कट्ट्यावर हात टेकले.

मुलगी खिडकीकडे तोंड करून, मागे दाराकडे सरकत सरकत फरशी लावत होती. गुडघ्याखाली पोत्याची घडी, वरून दोरी. केसांत सिमेंट. माल पसरला, तुकडा ठेवला, रबरी हातोडीने हलके ठोके दिले, मग थापी उलटी धरून दांड्याने वाजवला. कान वाकडा करून ऐकलं. मगच पुढचा.

ओरडायला म्हणून त्याने तोंड उघडलं होतं. ते तसंच राहिलं, कारण काहीतरी वेगळं दिसत होतं आणि काय ते कळत नव्हतं. मग कळलं. लिहायला, जेवायला उजवा हात वापरणारी त्याची मुलगी थापी डाव्या हातात धरून होती.

"डाव्या हाताने का?" तो बोलून गेला.

तिने दचकून वर बघितलं. "बाबा! तुम्ही?" आणि मग, जणू हा काय प्रश्न झाला, "तुम्ही याच हाताने लावता ना?"

"मी उजव्या हाताने लावतो."

ती थापीकडे बघत राहिली. मग खिडकीकडे, कट्ट्यावर टेकलेल्या त्याच्या हातांकडे. हसूच फुटलं तिला. "मी समोरून बघायचे, बाबा. आत येऊ दिलंत का कधी?"

लेव्हलदादाला हसावं की डोळे पुसावे कळेना. आरशात बघून शिकावं तसं ती त्याचं सगळं उलटं शिकली होती, आणि काम सुलटं होतं. त्याने बाहेर पडलेली काठी खिडकीतून आत घालून जवळचा तुकडा वाजवला. भरीव. शेजारचा. भरीव. त्याच्या पलीकडचा थोडा पोकळ वाजला.

"हा..."

"माहीत आहे," ती म्हणाली. "सकाळीच कळलं. आज सगळी बसली की आधी तोच उचलणार आहे. तुम्ही बोलायची वाट नव्हते बघत."

"आताच उचल. माल पक्का झाला की शेजारच्यालाही घेऊन येईल."

ती आवाजावरून ताडत होती, पण हे तिला ठाऊक नव्हतं. तिने फळी टाकली, फळीवरून खिडकीपर्यंत आली आणि तुकडा उचलला. खरवडून परत बसवला. वाजवला. भरीव.

सर धावत आले, हातात खुर्ची. "बसा ना, दादा."

"खुर्ची हिच्यासाठी घेतली होती मी," लेव्हलदादा म्हणाला. तो दाराशी गेला आणि पिशवीतली थापी काढली. एक गुडघा टेकला, कळ सोसली, दुसरा टेकला. "सरक."

"न्यायला आलात ना मला?"

"काम अर्धवट टाकून नेतात का कुणी?"

दोघं शेजारी शेजारी बसली. दोन उजव्या हाताचे मिस्त्री असे बसले की कोपराला कोपर लागतं, शिव्या होतात. इथे त्याचा उजवा हात बाहेरच्या बाजूला चालत होता, तिचा डावा तिच्या बाहेरच्या बाजूला. मध्ये हातभर जागा मोकळी. इतक्या वर्षांत असा जोडीदार त्याला मिळाला नव्हता. दिवस मावळायच्या आत शेवटची ओळ दाराला भिडली आणि दोघं बाहेर निघाली.

रात्री तो शाळेच्या व्हरांड्यात झोपला. सकाळी गावातली पोरं जमली. मुलीने भरलेली बादली स्वतः उचलली आणि उतार बघायला खिडकीखाली ओतली. पाणी फरशीवरून सरळ दाराकडे धावलं, मध्ये कुठेही थांबलं नाही, उंबऱ्यावरून बाहेर पडलं. पोरांनी आरडाओरडा केला. सरांनी टाळ्या वाजवल्या. लेव्हलदादा नेहमीसारखा कोपरे तपासत होता, पण त्याला दिसत काहीच नव्हतं, डोळे भरले होते.

परतीच्या बसमध्ये मुलगी त्याच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. हाताला फोड आले होते. त्याने ते झाकले नाहीत.

पगार झाला त्या संध्याकाळी तो हत्यारांच्या दुकानात गेला. काचेच्या कपाटात गुडघ्याला बांधायच्या जाड रबरी गाद्या कित्येक वर्षं तो बघत आला होता आणि दरवेळी पुढे जात होता. फी असायची, पुस्तकं असायची.

"दोन जोड्या द्या," तो म्हणाला.

दुकानदाराने चष्म्यावरून बघितलं. "दोन? गुडघे किती तुम्हाला?"

"एक माझी. दुसरी माझ्या जोडीदाराची. जरा लहान मापाची द्या."