साडूंच्या घरातली मोकळी जागा

घर पाहताना तुम्हाआम्हाला भिंती दिसतात, दारं दिसतात, फार तर छताला आलेली ओल दिसते. आमच्या थोरल्या साडूंना फक्त मोकळी जागा दिसते, आणि तीही जिला दुसरं कुणी मोकळी जागा म्हणणार नाही अशी. मी भोरला घर बांधलं तेव्हा ते वास्तुशांतीला आले होते. कुणी फरशीचं कौतुक करत होतं, कुणी नळाला बोट लावून धार बघत होतं. साडू जिन्याखाली वाकून आत शिरले, बराच वेळ बाहेर आले नाहीत, आणि आले ते टोपीला जळमट लावूनच. "पाव्हणं," ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "हितं चारशे बसत्याल. कव्हरं काडली तर सहाशे." शेजारच्या काकांना वाटलं की ते जेवणाऱ्या माणसांविषयी बोलताहेत, आणि ते घाबरून मांडवाकडे बघायला लागले. साडू सिनेमाच्या सीडींविषयी बोलत होते. ते नेहमी त्यांच्याविषयीच बोलतात.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहणार विंझर, वेल्ह्याच्या रस्त्यावर. हायस्कुलात लेखनिक म्हणून नोकरी केली, निवृत्त झाले, आता भाताची चार खाचरं बघतात. तंबाखू नाही, पत्ते नाहीत, पंचायतीच्या निवडणुकीत उभं राहणं नाही. अशा माणसाला मुलगी देताना माझ्या सासऱ्यांनी देवापुढे नारळ फोडला होता. निर्व्यसनी माणसाचं एखादं व्यसन राहून गेलेलं असतं आणि ते पुढे घरभर पसरतं, हे त्यांना तेव्हा कोण सांगणार? भोरला बाजारामागे सीडी भाड्याने देणारं एक दुकान होतं. ते बंद झालं त्या दिवशी साडू खत न्यायला टेम्पो घेऊन आले होते. टेम्पो भरून घरी गेला, पण त्यात खत नव्हतं. त्या सालचं पीक बिनखताचं आलं. पुढे गावोगावची तसली दुकानं बंद होत गेली आणि साडूंची कीर्ती खाली सारोळ्याच्या पुलापर्यंत पोचली. फेकवत नाही आणि ठेववत नाही अशी सीडी कुणाच्या घरात निघाली, की तो ती पिशवीत घालून विंझरला आणून द्यायचा, वर चहा पिऊन जायचा. साडूंनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही. मारधाडीचे, रडारडीचे, दक्षिणेतून येऊन आपल्याकडे हिंदी बोलणारे, सगळे सिनेमे त्यांनी घरात घेतले. त्यात 'सात दिवसांत संगणक शिका' आणि 'गरोदरपणातील सोपे व्यायाम' याही सीडी होत्या. हे काही सिनेमे नव्हेत, असं मी एकदा म्हणालो. साडू शांतपणे म्हणाले, "आसूं द्या की. सोबतीनं आल्याती."

आता राहतं घर तीन खोल्यांचं, पुढे पडवी. त्यात हजारोंनी सीडी ठेवायच्या म्हणजे डोकं हवं, आणि ते साडूंना आहे. मधल्या खोलीचं कपाट पहिल्याच वर्षी भरलं. मग दिवाणाचं पोट भरलं. मग दारांच्या वर फळ्या आल्या, त्यामुळे त्या घरात उंच पाहुण्याने नमस्कार करतच शिरायचं. बंद पडलेला फ्रीज दुरुस्त करायचा नाही असं त्यांनी ठरवलं, कारण त्याचे कप्पे मापात होते. अंड्यांच्या खळग्यांतसुद्धा त्यांनी काहीतरी उभं करून ठेवलं होतं. शेवटी त्यांची नजर कणगीवर गेली. कणगी म्हणजे भात साठवायची मोठी बांबूची टोपली, शेणाने लिंपलेली, माणसाच्या उंचीची. तिच्यातला भात बाहेर आला आणि पोत्यांत भरून न्हाणीच्या भिंतीला टेकला. माझी मेहुणी, म्हणजे आमची आक्का, त्या वेळी मला म्हणाली, "दाजी, लोकांच्यात भात घरात आस्तो आन् कचरा दारात. आमच्यात उलटं हाय." हे ती रागाने म्हणाली नाही. ती तांदूळ निवडत होती, आणि तसंच निवडत राहिली.

एवढ्या साठ्याची सूची नसेल असं समजू नका. लेखनिकी केलेला माणूस. दोनशे पानी वह्या भरून त्यांनी प्रत्येक सीडीचा ठावठिकाणा लिहून ठेवला होता. अडचण एकच होती. त्या काळी एका सिनेमाच्या दोन सीडी यायच्या, मध्यांतरापर्यंत एक आणि पुढे दुसरी. साडू ज्या फटीत जी बसेल ती बसवत गेले, त्यामुळे बहुतेक सिनेमांचा पूर्वार्ध एका खोलीत आणि उत्तरार्ध दुसऱ्या खोलीत नांदत होता. एकदा मी तिथे दुपारी जेवून दिवाणावर आडवा झालो होतो. गावची चार मंडळी बाहेरच्या खोलीत सिनेमा बघत होती. नुकता डोळा लागतो न लागतो तोच साडूंनी माझ्या पायाला हात लावला. "उटा पाव्हणं. मध्यांतर झालं." मी उठलो, गादी उचलली गेली, फळी निघाली, साडू दिवाणात कमरेपर्यंत उतरले. वहीप्रमाणे उत्तरार्ध तिथेच असायला हवा होता. निघाले ते गरोदरपणातील सोपे व्यायाम. मंडळींनी वीस मिनिटं वाट पाहिली आणि नायिकेला खलनायकाच्या तावडीत तशीच सोडून ती चारा काढायला निघून गेली.

आता सगळं मोबाईलवर दिसतं, हे त्यांना पुष्कळांनी सांगून पाहिलं. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "मोबाईल म्हंजी वाऱ्यावरचा खेळ. टावर गेला की संपलं. तवा आख्खा तालुका माज्या दारात रांग लावंल." आणि एका श्रावणात खरोखरच टॉवर गेला. चार दिवस कुणाच्या मोबाईलवर काही उमटेना. साडूंनी अंगण झाडून घेतलं, सतरंजी अंथरली, स्वच्छ धोतर नेसून दारात उभे राहिले. फक्त ज्या झाडाने टॉवरची तार तोडली होती, त्याच झाडाने विजेची तारही तोडली होती. चार दिवस साडू अंधाऱ्या घरात सीडी पुसत बसले. रांग लागली ती शेजारी, गॅसच्या बत्तीवर मोबाईल चार्ज होतो का हे विचारायला.

इथपर्यंत हसण्यासारखं होतं. पण त्यांचा मुलगा एकतिशीचा झाला आणि हसू आटत गेलं. मुलगा चांगला, शिरवळच्या कारखान्यात कामाला, सुट्टीच्या दिवशी चिखलात उतरणारा. तरी आमच्या भागात हल्ली शेती असलेल्या मुलाला मुलगी मिळणं किती अवघड झालंय, हे ज्याच्या घरी मुलगा आहे त्यालाच माहीत. मुलीकडचे घर बघायला येतात. पूर्वी शेत बघत, गोठा बघत. आता आधी विचारतात, नवीन जोडप्याला वेगळी खोली कुठली? या घरात ती एकच, मधली, आणि तिच्यात सीडी खांद्यापर्यंत आलेल्या. पाहुणे दारातून बघायचे, चहा घ्यायचे, आणि दोन दिवसांनी पत्रिका जुळत नसल्याचा निरोप यायचा. अशा अकरा पत्रिका जुळल्या नाहीत. मुलगा वडिलांना एका शब्दाने काही बोलला नाही, पण सुट्टी असली तरी घरी येईनासा झाला. बारावं स्थळ सारोळ्याकडचं आलं. मुलगी परिचारिका, मुलगा तिला आवडलेला, आणि वडील येत्या रविवारी घर बघणार होते. तेव्हा आक्काने तांदूळ निवडणं थांबवलं आणि मला फोन केला. "दाजी, ह्यास्नी सांगा. एक तर सून यील, न्हाई तर मी जाईन. खोली एकच हाय."

मी शनिवारी विंझरला पोचलो तेव्हा मधली खोली रिकामी होती. भिंतीला नवा चुना दिला होता. मला भरून आलं. मग मी पडवीत बघितलं. तिथे भाताची सव्वीस पोती एकावर एक रचलेली होती, तोंडं सुतळीने शिवलेली. मी भोरचा असलो तरी भाताचं पोतं कसं गोल पोटाचं असतं एवढं मला कळतं. या पोत्यांना कोपरे होते. "कडंनं पेंडा भरलाय," साडू म्हणाले, "लांबनं कळत न्हाई. आन् लगीनघरात भात दिसल्याला चांगला." ही युक्ती त्यांच्या हिशेबाने बिनचूक होती. फक्त मुलीच्या वडिलांची हायवेला भाताची गिरणी आहे, हे त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं.

गिरणीवाले आले, उंच आणि कमी बोलणारे. खोली बघून त्यांनी मान हलवली. पडवीत पोत्यांची थप्पी बघून मात्र त्यांचा चेहरा उजळला आणि जन्मभराच्या सवयीने हात पुढे गेला. त्यांनी एका पोत्याचे दोन्ही कान धरले आणि वजन बघायला जरा उचललं. आतून खडखड झाली. त्यांनी पोतं खाली ठेवलं. "कुटला वाण म्हनायचा?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडणार होतो. इंद्रायणी म्हटलं असतं तरी वेळ निभली असती, असं मला अजून वाटतं. पण साडूंना उभ्या जन्मात खोटं बोलता आलेलं नाही. पोती शिवण्यापर्यंत त्यांची मजल गेली होती, त्यापुढे नाही. ते खाली बघून म्हणाले, "सगळंच हाय त्यात. कौटुंबिक जास्ती." मग त्यांनी स्वतःच सुतळी ओढली.

गिरणीवाल्यांनी वाकून त्या चकचकीत ढिगातली एक सीडी उचलली आणि उलटसुलट करून बघितली. आक्का दारात उभी होती, पदराचं टोक मुठीत. मुलगा अंगणात तोंड फिरवून उभा राहिला. गिरणीवाले ओरडले असते तर बरं झालं असतं. ते साध्या आवाजात म्हणाले, "मला तुमच्या सीडींचं काय न्हाई. पन उद्या माजी पोर तिचं एक कपाट घिऊन आली, तर ती ह्या घरात पावनी म्हनून ऱ्हाणार का मानूस म्हनून, येवडंच सांगा." जिन्याखाली सहाशे बसवणाऱ्या माणसाने पडवीभर नजर फिरवली. साडूंनी मुलाच्या पाठीकडे पाहिलं. मी त्यांना तीस वर्षं ओळखतो, पण तसं पाहताना त्यांना कधी बघितलं नव्हतं. "ही पोती परत घरात जानार न्हाईत," ते म्हणाले. "म्या शबुद देतो." गिरणीवाल्यांनी चहा मागितला. वैशाखात लग्न झालं.

शब्द पाळणं साडूंना जड गेलं, पण त्यांनी पाळला. पावसाळ्यात पोती गोठ्यात गेली. भंगारवाल्याने नुसती कव्हरं मागितली, शाळेने हात जोडले. शेवटी भाताच्या लोंब्यांत दाणा भरला, पाखरांचे थवे उतरायला लागले, आणि शेजारच्या खाचरवाल्याने विचारलं, चार चकत्या देता का, दोरीला बांधून सोडतो, लखलखाटाला चिमण्या बिचकतात. मला वाटलं, साडू त्याला हाकलून देतील. त्यांनी चार दिल्या. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला दिल्या. मग स्वतःच्या खाचरांत स्वतः बांधायला लागले.

दिवाळीच्या आधी मी गेलो तेव्हा सगळी खाचरं लुकलुकत होती. आम्ही तिघं बांधावर बसलो होतो, साडू, मी आणि डबा घेऊन आलेली सूनबाई. मला फार वाईट वाटत होतं, कारण इतकी वर्षं मी त्यांच्यावर हसलो होतो आणि एकदाही विचारलं नव्हतं. म्हणून त्या दिवशी विचारलं, एवढं सगळं कशासाठी जमवलंत? त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "तरनेपनी भोरला पिच्चर बगायला जायाचो. शेवटची यष्टी पिच्चर संपायच्या आदी सुटायची. ती चुकली की रात स्टँडावर. म्या शेवट म्हनून कुटला बगितलाच न्हाई, पाव्हणं. वाटलं, सगळे घरात आसावेत. कवा बी बगता येतील."

"मग बघितलेत?"

"न्हाई. घरात हायेत म्हनल्यावर घाई कसली."

सूनबाईने मोबाईल काढला. कुठला सिनेमा अर्धवट राहिलेला सगळ्यात जास्त आठवतो, तिने विचारलं. त्यांनी जरा आढेवेढे घेतले, मग नाव सांगितलं. एका ट्रक चालवणाऱ्याची गोष्ट होती. घाटात त्याची गाडी अडवलेली असते, तिथून साडू एसटीकडे पळत सुटले होते. तिने शोधला, पुढे सरकवला, आणि उन्हाने दिसेना म्हणून पदराचा आडोसा करून त्यांच्यापुढे धरला. साडू घास हातात ठेवून बघत राहिले. दहा-बारा मिनिटं झाली असतील. मग वाद्यं वाजली, नावं वर सरकायला लागली.

"मरतो व्हय," साडू म्हणाले.

त्यांनी डोळे पुसले आणि समोरच्या भाताकडे बघितलं. "चाळीस वर्सं म्या त्येला जित्ता धरून चाललो व्हतो. मला वाटायचं, घाट उतरून घरी ग्येला आसंल."

दुसरा लावू का, असं सूनबाईने हळूच विचारलं. त्यांनी तिच्या हातातला मोबाईल पालथा केला आणि भाकरीचा डबा तिच्याकडे सरकवला. "नगं, पोरी," ते म्हणाले. "बाकीच्यास्नी ऱ्हाऊं दे."