रुंद मचवा आणि अरुंद होडी

बाळांनो, तुम्ही पाठवलेले दोन्ही शिडाच्या बोटींचे फोटो मी मोठे करून पाहिले. थोरल्याला रुंद बोट हवी आहे, कारण त्याला वर्षभर तिच्यावर राहायचं आहे. धाकटीला अरुंद हवी आहे, कारण तिला शर्यतीत उतरायचं आहे. दोघांना मिळून एकच घ्यायची आहे आणि महिनाअखेर ठरवायचं आहे, म्हणून आजीला विचारलंत. कदाचित गमतीने विचारलं असेल. पण आपल्या घरात शिडाच्या नावेवर राहिलेली आता मी एकटीच आहे, तेव्हा नीट उत्तर देते.

माझ्या माहेरी हे दोन्ही प्रकार होते. वडिलांचा मचवा पेणजवळच्या अंतोरे बंदरातून मीठ आणि भात घेऊन मुंबईला जायचा. पोट रुंद, तळ जवळजवळ सपाट, चाल म्हशीची. मागच्या आडोशाला मातीने लिंपलेली चूल, पाण्याचं पिंप आणि पाय ताणून झोपता येईल एवढी जागा. धाकट्या काकाची होडी निमुळती, तळाला खोल कणा, डोलकाठी उंच. नारळी पौर्णिमेच्या शर्यतीत ती सहसा पहिली यायची. वडील म्हणायचे, त्या होडीत कोणी शिंकलं तरी ती कलंडेल. काका म्हणायचा, दादाचा मचवा मुंबईला पोचेपर्यंत भाताला मोड येतात.

माझं सासर रोह्याच्या खाली, कुंडलिकेच्या काठी. माझं पहिलं मूल पाचव्या महिन्यात पोटातच गेलं. एसटीने पेणला येऊन परत गेले आणि दोन दिवसांत ते झालं. डॉक्टर म्हणाले, प्रवासाचा संबंध असेलच असं नाही. सासूबाईंनी मात्र एसटीला कायमचा दोष दिला. त्यामुळे पुढच्या खेपेला सातव्या महिन्यात माहेरी न्यायची वेळ आली, तेव्हा त्यांनी सांगून टाकलं की सून रस्त्याने जाणार नाही. नाव असलेल्या घरची मुलगी आहे, नावेने न्या. दिवाळी झाली होती, समुद्र शांत होता.

कोणाच्या नावेतून न्यायचं यावर वडील आणि काकाचं एकमत झालं नाही, म्हणून दोघंही आपापली नाव घेऊन आमच्या धक्क्याला आले. सासूबाईंनी दोन्ही नावा पाहिल्या आणि काकाला विचारलं, "हिच्यात चूल कुठं हाय?"

काका म्हणाला, "चूल कशाला? जेवायच्या आत पेण येल."

"मग तू जा पेणला जेवायला," सासूबाई म्हणाल्या आणि माझी वळकटी मचव्यावर ठेवायला सांगितली. मला न्यायला आई आली होती, तीही मचव्यावर बसली.

रात्र आम्ही रेवदंड्याच्या आसऱ्याला काढली. पहाटे जमिनीवरून वारा सुटला तसे उत्तरेकडे निघालो. मला ती सकाळ फार आवडली होती. आईने भाकऱ्या थापल्या, मी घडी केलेल्या जुन्या शिडावर टेकून अलिबागचा किनारा मागे जाताना पाहिला. काका आपल्या होडीतून पुढे जायचा, कंटाळून परत यायचा आणि आम्हाला वळसा घालून पुन्हा पुढे जायचा.

धरमतरच्या खाडीत शिरलो आणि माझ्या ओटीपोटात कळ आली. मग दुसरी. आईचा चेहरा पाहून मला कळलं, या बाळंतपणाच्या कळा. काकाने होडी अगदी जवळ आणली. पोरीला माझ्याकडे द्या, तासाभरात सुइणीच्या दारात नेतो, असं तो म्हणाला. वडिलांनी शिडाकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं. ओहोटी लागली होती. ते म्हणाले, "तू जा आनि सुइनीला घेऊन ये. पोर इथून हलनार नाय."

काका निघाला तो शर्यतीच्या वाटेने, उथळावरून आडवा. शर्यती नेहमी भरतीला व्हायच्या. भरतीला ती वाट सगळ्यात जवळची, आणि त्याच्या हाताला तीच सवयीची. ओहोटीला तिथे चिखल असतो हे त्यालाही ठाऊक होतं, पण घाईत हात सवयीच्या वाटेला गेला. थोड्याच वेळात आम्हाला त्याची होडी चिखलात रुतून एका कुशीवर पडलेली दिसली.

वडिलांनी मचवा मुद्दाम काठाच्या चिखलावर आणून ठेवला. पाणी उतरलं तसा तो सपाट बसला, घरासारखा. आईने मला डाव्या कुशीवर निजवलं, गरम पेज पाजली आणि कपाळावरून हात फिरवत राहिली. हे मूल राहतं की जातं, एवढा एकच विचार मनात होता. हळूहळू कळा लांब अंतराने येऊ लागल्या. मग थांबल्या.

काका मांडीएवढ्या चिखलातून चालत आला. मला बघून म्हणाला, "गो, तू माझ्या होडीत असतीस तर..."

आई म्हणाली, "पाय धुवा आधी. पेज ठेवलीय तुमची."

भरती आली तशा दोन्ही नावा उठल्या. वारा पडला होता, मचवा हलेना. काकाची हलकी होडी तेवढ्या झुळकीवरही निघाली, या वेळी खोल पाण्यातून. आम्ही भरतीच्या ओढीने रेंगाळत अंतोऱ्याला लागलो तेव्हा काकाने आणलेली सुईण धक्क्यावर उभी होती.

म्हणून थोरल्या, तुझं बरोबर आहे. राहायचं असेल तर जिच्यात गरम जेवण करता येतं आणि आजारी माणूस आडवा होऊ शकतो, ती नाव घ्या. आणि धाकटे, तुझंही चुकलेलं नाही. वेगाने जाणारं कोणीतरी घरात लागतं. काकाचे ते उपकार मी विसरले नाही. पण तुम्हाला एकच घ्यायची आहे, तर रुंद घ्या.

मचवा पुढे मोडीत गेला. होडी काकाने विकली. खाडीत आता शिडं दिसत नाहीत. त्या दिवशी पोटात होता तो मुलगा पूर्ण दिवस भरून पेणला जन्मला. तो तुमचा बाबा. तो आहे, आणि तुम्ही आहात.