स्वराची शेपटी

गेल्या वर्षी कंपनीच्या स्नेहसंमेलनात माझा शेवटचा स्वर चालू असतानाच निवेदक माईकवर म्हणाला, "धन्यवाद, धन्यवाद! फारच छान प्रयत्न." स्वर अजून हवेत होता. माझं बोट तारेवर दाबलेलं होतं. पण माझा उजवा हात थांबलेला बघून त्याला वाटलं, झालं बाईंचं. साऊंडवाल्यानंही लगेच माझा आवाज खाली ओढला, कारण माझ्या गिटारमधून एकसारखी घरघर येत होती आणि ती त्याला कधीची खुपत होती. मग टाळ्या पडल्या. मी स्टेजवरून दातओठ खातच उतरले.

ती चाल मी स्वतः बसवलेली आहे. साडेतीन मिनिटं नुसती मारामारी आणि शेवटी एकच स्वर, लांबलचक, हळूहळू विझत जाणारा. आधीचा सगळा धिंगाणा त्या स्वरासाठी आहे. तोच कापला म्हणजे मी स्टेजवर चढलेच कशाला? मला रडूबिडू आलं नाही. राग आला आणि तो वर्षभर पुरला.

मी नागापूरच्या एमआयडीसीत फायनल इन्स्पेक्शनला आहे. कंपनीतून बाहेर जाणारा प्रत्येक शाफ्ट माझ्या हाताखालून जातो. गेजमध्ये बसला तर पुढं, नाही बसला तर लाल डब्यात. वीस वर्षं हेच करतेय, त्यामुळं कुणी "चालतंय की" म्हणालं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. गिटार घेतली ती चाळिशी उलटल्यावर. दुकानदारानं विचारलं, "मुलासाठी का?" म्हटलं, "माझ्यासाठी." तर म्हणे, "मग साधी दाखवतो, भजनाला पण चालेल." मी भिंतीवरच्या काळ्या, टोकदार गिटारकडं बोट दाखवलं. मला तो जाड, फाटका, करवतीसारखा आवाजच आवडतो. प्रेस शॉपशेजारी आयुष्य काढलेल्या बाईला बासरीच आवडली पाहिजे असा काही नियम नाही.

यंदा मी ठरवलं, साऊंडवाल्याच्या भरवशावर राहायचं नाही. माझा स्वतःचा ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज फुगवणारा स्पीकरचा खोका, न्यायचा आणि घरघरीचा बंदोबस्त करायचा. म्हणून नॉइज गेट मागवला. तळहाताएवढी लोखंडी डबी, वर पायानं दाबायचं बटण आणि दोन नॉब. वाजवलं की ही डबी आवाजाला दार उघडते, वाजवायचं थांबलं की दार लावून घेते. किती बारीक आवाजाला दार लावायचं, ते पहिल्या नॉबवर ठरतं. किती सावकाश लावायचं, ते दुसऱ्यावर.

आमचं गाव राहुरीच्या अलीकडं. म्हशींच्या गोठ्याला लागून असलेल्या खोलीत माझा ॲम्प असतो. एका रविवारी सकाळी मी डबी जोडली, गिटार आणि ॲम्पच्या मधोमध. फरक शून्य. घरघरीच्या जोडीला येणारा फस्स आवाज तसाच. मग उमगलं, तो फस्स गिटारचा नाहीच, ॲम्प आवाज इतका फुगवतो तेव्हा त्याच्या पोटात तयार होतो. दार घराबाहेर लावून चोर घरात. मग ॲम्पच्या मागच्या दोन भोकांतून आणखी दोन वायरी डबीत आणल्या. आता डबी गिटारचं ऐकणार आणि दार मात्र ॲम्पच्या पोटात लावणार. तारांवर तळहात ठेवला, रागारागानं पहिला नॉब पार वर नेला. फस्स गेला, घरघर गेली. खोलीत इतकी शांतता झाली की पलीकडं म्हशी रवंथ करताना ऐकू आल्या.

मी खूश होऊन अख्खी चाल वाजवली. शेवटचा स्वर धरला. तो जरासा बारीक झाला आणि खट्. गेला. पुन्हा वाजवला, पुन्हा खट्. निवेदकानं केलं होतं तेच ही डबी करत होती. फरक एवढाच की हिला मी पैसे मोजून घरात आणलं होतं. नॉब खाली घेतला तर स्वर जगायचा, पण घरघर परत यायची. सात-आठ वेळा हेच झाल्यावर मी डबीला जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही.

नवरा दारात येऊन उभा राहिला. "लई झालं आता. म्हशी पान्हा सोडंनात, दूध चोराय लागल्यात."

"चोरू द्या," मी म्हटलं. "ही घरघर गेल्याशिवाय मी उठत नाही."

तो जरा वेळ ऐकत राहिला. मोटार बिघडल्यावर ऐकतो तसा. मग म्हणाला, "अर्थिंगला पानी घातलंय का कवा? पार वाळून गेलं आसंल ते." घरामागं मीठ-कोळसा भरलेला अर्थिंगचा खड्डा आहे. उन्हाळ्यात तो कोरडा पडला की सगळ्या घराची वीज कुरकुरते, हे तो जाणून होता आणि मी विसरले होते. त्यानं म्हशींच्या हौदातल्या दोन बादल्या आणून खड्ड्यात ओतल्या. मी ॲम्प लावला. घरघर अर्ध्याहून कमी झाली होती.

आता नॉब खूप खाली आणता आला. दुसरा नॉब सावकाशकडं फिरवला. शेवटचा स्वर धरला, तो बारीक झाला, आणखी बारीक झाला, आणि शेपटीच्या टोकापर्यंत वाजून मग दार लागलं. मी नॉबच्या बाजूला मार्करनं रेघ मारली, कंपनीत सेटिंगवर मारते तशी. नवरा म्हणाला, "झालं ना मनासारकं?" मी म्हटलं, "झालं." मला खरंच तसं वाटलं होतं.

संमेलन कंपनीच्या लॉनवर होतं, दुपारी. नवऱ्यानं दुधाच्या पिकअपमध्ये कॅनच्या शेजारी माझा ॲम्प बांधून आणला. पण त्या दिवशी एमआयडीसीत लाईट नव्हती, सगळा मंडप जनरेटरवर. त्यात रंगीबेरंगी दिवे. मी ॲम्प लावला आणि तो असा घरघरला की पहिल्या रांगेतल्या साहेबांनी मान वर केली. माझी रेघ कुचकामी ठरली. इथल्या घरघरीला दार लावायचं तर नॉब पार वर न्यावा लागत होता आणि तिथं स्वराची शेपटी तुटत होती.

साऊंडवाला तोच, गेल्या वर्षीचा. म्हणाला, "ताई, घरघर आली का मी फेडर खाली घेनार. सायबांनी सांगितलंय."

"घ्या," मी म्हटलं आणि ॲम्पचा आवाज दोन घरं वाढवून ठेवला. तो आवाज त्याच्या फेडरच्या, म्हणजे आवाजाच्या पट्टीच्या, ताब्यात नव्हता.

डबीचा नॉब मी वर नेला. साडेतीन मिनिटं तिनं चोख काम केलं. मी हात थांबवला की कडेलोट झाल्यासारखी शांतता, हात हलला की पुन्हा करवत. माझ्या लाईनवरच्या बायका मागच्या रांगेत उभ्या राहिल्या. मग शेवटचा स्वर आला. मी तार दाबली, छेडली आणि त्याच क्षणी पायानं डबी बंद केली.

घरघर आली. यायचीच होती, दार लावणारं आता कुणी नव्हतं. स्वर तिच्यावर उभा राहिला. साऊंडवाल्यानं फेडर खाली ओढला, मोठे स्पीकर गप्प झाले. माझा ॲम्प मात्र बोलत राहिला. निवेदक माईक घेऊन दोन पावलं पुढं आला. मी डावं बोट तारेवरून न हलवता उजवा हात वर केला, ट्रॅफिक पोलीस करतो तसा. तो थबकला. साहेबांनी घड्याळात पाहिलं. कुणीतरी खोकलं. स्वर जनरेटरच्या घरघरीत बुडत चालला होता आणि कानांना कळेनासा झाला होता, पण माझ्या बोटाखाली तार अजून थरथरत होती. मला ती कळत होती, म्हणून मी हात खाली घेतला नाही.

मग तार थांबली. मी बोट उचललं, ॲम्प बंद केला आणि निवेदकाकडं बघून म्हटलं, "हं, आता म्हणा."