चालण्याआधी केलेली सही

करीमचाचा गेल्याचा फोन आला तेव्हा पहाटेच घर सोडून मी मलकापूरला, तहसीलमध्ये पंचनाम्यांच्या बैठकीत बसले होते. फोन त्यांच्या बायकोचा, चाचींचा होता. सकाळी दारातल्या खाटेवर बूट घालायला बसले आणि तिथेच आडवे झाले, एवढंच त्या म्हणाल्या. मी उठून बाहेर आले. मागून आलेल्या साहेबांनी विचारलं, कोण गेलं, नात्यातलं का? मी नाही म्हणाले. ते ‘नाही’ आज महिना उलटला तरी सलतंय... नातं होतं, फक्त त्याला नाव नव्हतं. आणि माझी मॅरेथॉन तीन आठवड्यांवर आली होती.

मी तलाठी आहे. तीन गावं माझ्याकडे, आणि तिन्ही गावांत माझा फोननंबर देवाच्या नावासारखा सगळ्यांना पाठ. चाळिशीच्या तोंडावर बेचाळीस किलोमीटर पळायचं खूळ मी डोक्यात घेतलं, तेव्हा ऑफिसात सगळ्यांना हसू फुटलं होतं. मलाही कारण नीट सांगता यायचं नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या सातबाऱ्यात डोकं घातल्यावर दिवसातला एखादा तास तरी माझ्या नावावर असावा, असं वाटत होतं. म्हणून पहाटे रेल्वेच्या कडेच्या मुरमाच्या रस्त्याने मी जुन्या फाटकापर्यंत पळत जायचे. घरापासून फाटक सहा किलोमीटर.

तिथेच करीमचाचा भेटले. सगळी नोकरी त्यांनी रेल्वेत गस्तवाला म्हणून काढली. रिटायर झाल्यावर रुळांवर पाय ठेवायची परवानगी गेली, पण पायांना ते कोण सांगणार? ते आपल्या गावातून निघून कडेच्या रस्त्याने चार किलोमीटर चालत फाटकापर्यंत यायचे आणि परत जायचे. पहिल्याच भेटीत त्यांनी माझी हद्द कुठून कुठपर्यंत ते विचारलं, आणि गस्तीचा कायदा समजावला. दोन गस्तवाले आपापल्या हद्दीच्या टोकाला भेटतात आणि हातातल्या वह्या बदलतात. वही बदलली म्हणजे दोघं चालले, याला पुरावा. पुढच्या आठवड्यात ते बाजारातून दोन निळ्या वह्या घेऊन आले. एक त्यांची, एक माझी, आणि रोज सकाळी फाटकावर अदलाबदल. आपली हद्द चालून झाली की आपल्याजवळच्या वहीत ‘लाईन ठीक’ लिहायचं आणि सही करायची. चालायच्या आधी सही करणाऱ्या गस्तवाल्याचं त्यांना भारी वावडं होतं. तसल्या माणसाच्या घरचा चहासुद्धा आपण कधी घेतला नाही, असं ते अभिमानाने सांगायचे.

एकदा मी लबाडी केली. रात्री उशिरापर्यंत मतदारयाद्या तपासल्या होत्या, डोळे उघडत नव्हते. स्कूटीने गेले, ती बाभळीमागे लावली, तोंडावर पाणी मारलं आणि शेवटची दोनशे पावलं धापा टाकत आले. चाचांनी वही बदलली. माझ्या बुटांकडे बघितलं, दवाने भिजलेल्या आपल्या बुटांकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी वही माझ्याकडे आली तर तिच्यात लिहिलेलं, ‘बाईची गाडी आज दुसऱ्या लाईनने आली. बूट कोरडे.’ मी लाजेने अर्धी झाले.

मग दिवाळीच्या आधी अवकाळी पाऊस झाला आणि पंचनामे लागले. दिवसभर चिखल तुडवायचा, संध्याकाळी तेच सगळं मोबाईलवर भरायचं, वर शेतकरी आणि साहेब, दोन्ही बाजूंनी बोलणी खायची. आधी एक सकाळ चुकली, मग आठवडा गेला. वेळ नव्हता असं मी सगळ्यांना सांगत होते, पण खरं सांगायचं तर इच्छाच मेली होती. बुटांवर धूळ बसली आणि ती पुसावीशीही वाटेना. मॅरेथॉनमधून नाव काढून घ्यायचं मी ठरवून टाकलं होतं. अशातच एका सकाळी दार वाजलं. दारात करीमचाचा, घामाने निथळलेले, हातात वही. गावापासून माझ्या घरापर्यंत पुरते दहा किलोमीटर चालत आले होते.

मी कपाळाला हात लावला. ते शांतपणे म्हणाले, “समोरचा नाई आला तं अर्धा घंटा थांबा, मंग त्याच्या हद्दीत चालत जा. कायदा हाय. मी रोज थांबून राह्यलो, तुमी काई दिसल्या नाई.”

मी चिडले. चाचा, मनच लागत नाही, जबरदस्तीने कसं पळू, असं काहीतरी बोलले. त्यांनी पाणी मागितलं, तांब्या रिकामा केला.

“मन कोन इचारते, बाई? माह्यी सारी नौकरी गेली, पन कोन्या सायबानं इचारलं नाई का, करीम, आज तुह्यं मन हाय का? मन आलं तं येऊ द्या मांगून. तुमी निंगा.”

दुसऱ्या दिवशी मी निघाले. मन मागून आलं की नाही ते मी बघितलंच नाही.

म्हणूनच ते गेल्यावर मला पहिला विचार आला तो हा, की ते दहा किलोमीटर माझ्या पायी झाले. त्यांच्या अंगणात बसून मी चाचींना तसं म्हणालेही. त्या रडत होत्या, तरी कडाडल्या. “तुमी काऊन सोताले खाऊन राह्यल्या? ते घरात पडून गेले असते तं मले राग आला असता.”

चौथ्या सकाळी त्यांची वही घेऊन मी फाटकावर उभी राहिले. अर्धा तास थांबले... कोणी आलं नाही. मग कायद्याप्रमाणे त्यांच्या हद्दीत शिरले आणि चार किलोमीटर पळत त्यांच्या दारात गेले. चाचींनी आतून दुसरी वही आणून दिली. शेवटच्या पानावर ते गेले त्याच दिवसाची तारीख होती, खाली ‘लाईन ठीक’ आणि सही. बूट घालायच्या आधी लिहिलेलं. ज्या माणसाने जन्मभर अशा सहीचा तिटकारा केला, त्याने त्या दिवशी स्वतः ती केली होती. छातीत कळ आली असेल, आज जमणार नाही हे कळलं असेल. मला फार राग आला त्यांचा, आणि तिथेच हुंदका फुटला.

मी ते खोडलं नाही. तिथून फाटकापर्यंत त्यांची हद्द चालून आले, एक एक पाऊल. म्हणजे ती सही खोटी राहिली नाही.

मॅरेथॉन मी पूर्ण केली. बत्तीस किलोमीटरनंतर पायांनी जवळपास राजीनामा दिला होता, आणि मी पोचले तेव्हा माणसं मंडपाचे दोर सोडत होती. आता बस झालं की, असं ऑफिसात म्हणतात. म्हणू देत. माझी हद्द आता सहाची नाही, दहाची आहे. रोज सकाळी मी चाचींच्या दारापर्यंत जाते. त्या उंबऱ्यात वही घेऊन बसलेल्या असतात. त्यांना लिहिता येत नाही, म्हणून त्या विचारतात, “लाईन ठीक?” मी हो म्हणते, आणि मगच सही करते.