आगाऊ सत्कार

नाशकात गेल्या काही वर्षांत सरकारी माणसांचे जेवढे म्हणून सत्कार झाले असतील, त्यातले निम्मे तरी आमच्या मामेसासऱ्यांनी केलेले आहेत, आणि एक अपवाद सोडला तर त्यातला एकही सत्कार त्या माणसाने केलेल्या कामाबद्दल नव्हता. काम झाल्यावर सत्कार करणं हे मामांच्या मते आळशी माणसाचं लक्षण. "झालेल्या कामाबद्दल कोणीही हार घालेल हो जावईबापू," ते म्हणतात, "न झालेल्या कामाबद्दल घालून दाखवा!" हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलो होतो. पुढे त्यांच्या नारळांची पिशवी धरून इतकी कार्यालयं हिंडलो की हसायचं विसरून गेलो. माझ्या बायकोचे हे सख्खे मामा. पेठ रोडला आमच्याच कॉलनीत, दोन गल्ल्या सोडून राहतात. लग्नात नवरीला बोहल्यावर आणून उभी करायचा मान त्यांचा होता, आणि त्या उपकाराची फेड मी जन्मभर पिशवी धरून करावी असा त्यांचा हिशेब असावा.

या आगाऊ सत्कारामागे एक शास्त्र आहे. मामा सातपूरच्या एका कारखान्यात कामगार कल्याणाचं काम बघायचे, म्हणजे मुख्यतः निरोप समारंभ करायचे. शाल आणायची, श्रीफळ आणायचं, खुर्च्या लावायच्या आणि निवृत्त होणाऱ्याचे गुण गायचे. एकदा त्यांनी असंच एका फिटरबद्दल भाषणात ठोकून दिलं की यांच्यासारखा वेळेचा पक्का माणूस या कारखान्यानं पाहिला नाही. तो गृहस्थ आयुष्यात कधी भोंग्याच्या आधी फाटकात शिरलेला नव्हता. पण भाषण ऐकून तो ढसाढसा रडला आणि मामांचे हात धरून म्हणाला, "हे आधी सांगितलं असतंत ना साहेब, तर आलो असतो हो मी वेळेवर!" त्या क्षणी मामांना साक्षात्कार झाला. माणसं वाईट नसतात, आपण त्यांचा सत्कार करायला उशीर करतो. निवृत्तीनंतर फावला वेळ आणि हे तत्त्वज्ञान अशी दोन्ही हत्यारं घेऊन मामा नाशिकच्या रस्त्यांकडे वळले.

या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी मात्र मामी होत्या. मामींची थोरली बहीण पंचवटीत राहायची, गुडघ्यांमुळे घरातून बाहेर न पडणारी. दर शुक्रवारी मामी एकट्याच तिच्याकडे जायच्या. कॉलनीच्या तोंडाशी असलेली चौफुली ओलांडायची, पलीकडून बस पकडायची, बहिणीच्या स्वयंपाकघरात दोन भाकरी थापायच्या, जेवताना घरातल्या झाडून सगळ्यांची, माझ्यासकट, यथेच्छ निंदा करायची आणि संध्याकाळच्या बसनं ताज्यातवान्या होऊन परतायचं. मग एका शुक्रवारी उलट दिशेनं आलेला एक मोटारसायकलवाला चौफुलीवर त्यांना घासून गेला. हाड मोडलं नाही, हातातली कोथिंबिरीची जुडी तेवढी रस्त्यावर विखुरली. पण त्यानंतर मामी चौफुलीपर्यंत जायच्या, पदर खोचायच्या, बराच वेळ उभ्या राहायच्या आणि घरी परत यायच्या. मामांनी एकदा रिक्षानं नेलं. पण तिथे पोचल्यावर ते दोघी बहिणींच्या मधोमध खुर्ची टाकून बसले आणि रस्त्यांच्या दुरवस्थेवर बोलत राहिले. घरी आल्यावर मामी म्हणाल्या, "पुन्हा नाही यायची मी तुमच्याबरोबर. पोचवून द्यायला मी काय पार्सल आहे?" त्या दिवशी मामांनी ठरवलं की बसनंच चौफुलीवरून आत वळून कॉलनीच्या मारुतीपाशी यायचं, आणि येताजाता गाड्यांना धाक बसावा म्हणून चौफुलीवर गतिरोधक व्हायचा.

आता एवढ्या मोठ्या कामाला कृती समिती हवी. ती मारुतीच्या सभामंडपात स्थापन झाली आणि तिची पहिली कृती म्हणजे समितीच्या नावावर झालेलं भांडण. 'नागरिक' आधी घ्यायचं की 'रहिवासी', यावर दोन गट पडले ते अजून एकत्र आलेले नाहीत. शेजारच्या कॉलनीनं खड्ड्याचा वाढदिवस करून केक कापला होता, तेव्हा आपण खड्ड्याचं बारसं करावं असं तरुण मंडळींचं मत पडलं, कारण त्याचं रील चांगलं होतं. एक गृहस्थ कुठल्याही विषयावर उठून "निषेध!" एवढंच म्हणायचे आणि बसायचे. उलट दिशेनं गाडी हाकणाऱ्यांच्या विरोधात तर इतका कडक ठराव झाला की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. ठराव करून आम्ही सगळे बाहेर पडलो, गाड्यांना किक मारली आणि वळसा लांब पडतो म्हणून उलट दिशेनंच घरी गेलो. मामा तेवढे चालत गेले. सभांना उपस्थिती मात्र कधी कमी नव्हती, कारण चहाबरोबर मामींच्या हातच्या नारळाच्या वड्या असायच्या.

या वड्यांचा उगम सांगायला हवा. मामा सत्काराला शाल आणि श्रीफळ घेऊन जायचे. साहेब लोक गोंधळून शाल पांघरून घ्यायचे, फोटोला उभे राहायचे आणि मग नियम आठवून दोन्ही वस्तू परत करायचे. त्यामुळे मामांची शाल ही एकच होती, निळ्या काठांची. नारळ मात्र मामी घरी आल्या आल्या फोडायच्या. "चळवळीला रस्ता नाही मिळाला तरी खोबरं मिळतंय," असं त्या किसता किसता म्हणायच्या.

रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्या कार्यालयाचं नाव मी सांगत नाही, मला अजून नाशकातच राहायचं आहे. तिथले साहेब म्हणाले, "बस आत वळणार असेल तर गतिरोधक करू." मामांनी उभ्या उभ्या त्यांचा सत्कार केला आणि असा गतिरोधक बांधणारा अधिकारी होणे नाही, असं भाषणही केलं. तिथून आम्ही बसच्या कार्यालयात. तिथले साहेब म्हणाले, "गतिरोधक झाला तर बस वळवू, नाहीतर आमची बस वळताना कोणीतरी येऊन धडकायचं." मामांनी त्यांनाही शाल घातली. दोघेही साहेब खरोखर हरखले होते. मला तर वाटलं, फिटरसारखे तेही रडतात की काय. पण झालं असं, की पुढच्या आठवड्यात पहिल्या साहेबांची बदली झाली. थोड्या दिवसांनी दुसऱ्यांची. त्यांच्या जागी आलेल्यांचा मामांनी नव्यानं सत्कार केला, त्यांचीही झाली. हा निव्वळ योगायोग होता, बदल्यांचा हंगामच होता. पण सरकारी कार्यालयात योगायोगावर कोणाचा विश्वास नसतो. मामा दारात दिसले की शिपाई आत वर्दी द्यायचा, "नारळवाले काका आले!" आणि मागच्या दारानं साहेब साइटवर निघून जायचे. एका साहेबांना मी पार्किंगमध्ये गाठलं तर ते हात जोडून म्हणाले, "मुलाची दहावी आहे हो. यंदा नको."

साहेब मिळेनात म्हणून मामांनी ड्रायव्हर गाठला. एका सकाळी चौफुलीवर हात आडवे करून त्यांनी पंचवटीची बस थांबवली आणि शाल घेऊन आत चढले. ड्रायव्हर पेठकडचा होता. तो कळवळून म्हणाला, "काका, हितं थांबा नाय. लय गाड्या लागल्या मागं. थांबवली कशाला?"

"थांबलात, त्याबद्दलच सत्कार आहे," मामा म्हणाले, आणि त्यांनी भाषणाला हात घातला. मागे हॉर्नचा कल्लोळ उठला. पहिल्या बाकावरच्या एक बाई डबा सावरत ओरडल्या, "अहो आजोबा, घाला ना ती शाल लवकर! माझी पाळी चुकतेय कामावरची." शेवटी ड्रायव्हरनं शाल घेतली, घातली, काढली, परत दिली आणि मामांना हाताला धरून खाली उतरवलं. हे सगळं त्यानं फार प्रेमानं केलं, हे मला कबूल करायला हवं.

मधल्या काळात कार्यालयांना एक नवं उत्तर सापडलं. काहीही विचारा, "सिंहस्थात होऊन जाईल." खड्डा, दिवा, फुटपाथ, पांढरे पट्टे, सगळं सिंहस्थात. मामांनी हे घरी येऊन उत्साहानं सांगितलं तेव्हा मामी निवडत असलेली मेथी खाली ठेवून म्हणाल्या, "म्हणजे बहिणीला भेटायला आता मी साधू व्हायचं का?" मामा हसले. मामी हसल्या नाहीत. "ती फोनवर आता दोनदा दोनदा तेच सांगते," त्या हळू म्हणाल्या. "माझ्याकडे काय सिंहस्थापर्यंत वेळ आहे, पण तिच्याकडे?" त्या दिवशी मामा भाषण न करता उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. मला त्यांचा पहिल्यांदा कळवळा आला. इतका गाजावाजा करणारा माणूस आणि घरातल्या एका बाईला रस्त्यापलीकडे नेता येत नव्हतं.

आणि मग तो फोन आला. रस्त्याच्या कार्यालयात नवे साहेब आले होते, लातूरकडचे. आई गावी एकटी, बायको-मुलं तिकडेच, आणि बदलीचा अर्ज धूळ खात पडलेला. त्यांनी मामांना आपणहोऊन बोलावलं, चहा मागवला, केबिनचं दार लावून घेतलं आणि खुर्ची पुढे ओढून विचारलं, "काका, तुमच्या त्या नारळाबद्दल लई ऐकलंय. आमचा कधी करताव सत्कार?"

मामांच्या डोळ्यांत चमक आली. आयुष्यभराचं तत्त्वज्ञान त्यांनी त्या खुर्चीत बसल्या बसल्या गुंडाळून ठेवलं. "साहेब," ते म्हणाले, "तुमच्यासाठी नियम वेगळा. आधी गतिरोधक."

गतिरोधक झाला. इतका उंच झाला की पहिल्या दिवशी निषेधवाल्या गृहस्थांची स्कूटर त्यावर अडकून बसली आणि त्यांना खरोखरचा निषेध करायला विषय मिळाला. पांढरे पट्टे राहिले, ते सिंहस्थात होतील. मामांनी वाजतगाजत साहेबांचा सत्कार केला. साहेबांनी शाल परत दिली, पण नारळ सोडला नाही, छातीशी धरून घरी नेला. महिना उलटायच्या आत त्यांची बदली लातूरला झाली. ते कसं झालं हे मला विचारू नका, मी आता सिंहस्थावरही विश्वास ठेवतो. गतिरोधक झाल्यावर बसच्या कार्यालयाकडे कारण उरलं नाही, आणि मामांनी तिथेही नारळ घेऊन येईन असं सांगितल्यावर त्यांनी घाईनं बस आत वळवली.

पहिली बस शुक्रवारीच यावी हे मामांनी मागून घेतलं होतं. मारुतीपाशी मांडव, केळीचे खुंट, सनई लावलेला स्पीकर, समितीचे दोन्ही गट दोन बाजूंना. बस आली. ड्रायव्हर तोच पेठचा. मामांनी माइक हातात घेतला आणि शाल खांद्यावर टाकून बोलायला सुरुवात केली. फिटरपासून सुरुवात केली, त्यावरून भाषण केवढं होणार याचा मला अंदाज आला. तेवढ्यात गर्दीतून मामी पुढे आल्या. अंगावर ठेवणीतली साडी, हातात पिशवी, पिशवीत वड्यांचा डबा. कोणाकडे न बघता त्या बसमध्ये चढल्या, खिडकीपाशी बसल्या आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "चला हो. यांचं चालू राहील."

ड्रायव्हरनं मामांकडे पाहिलं, हात जोडले आणि बस काढली. उद्घाटनासाठी आडवी बांधलेली रिबीन बसच्या आरशाला गुंडाळून गेली. मामा वाक्याच्या मधोमध थांबले. बस वळली, गतिरोधकावर एकदा वर गेली, एकदा खाली आली आणि दिसेनाशी झाली. "गेली," मामा माइकवरच म्हणाले. सगळ्या कॉलनीला ऐकू गेलं. "एकटी गेली."

त्या दिवशी मामा जेवायलाही घरी गेले नाहीत. मांडव उतरला, मंडळी पांगली, आणि ते शाल मांडीवर घेऊन थांब्यावर बसून राहिले. मी डबा घेऊन गेलो तर मला बसायला जागा दिली आणि डबा न उघडताच बाजूला ठेवला. मामा बोलत नाहीत हे दृश्य मला सोसेना. सारखे चौफुलीकडे बघत होते. मामी उलट दिशेच्या त्या गाडीच्या आठवणीनं इतके दिवस घाबरल्या होत्या असं मी समजत होतो. त्या दोघांत खरा घाबरलेला माणूस माझ्या शेजारी बसला होता.

संध्याकाळी बस आली. मामी उतरल्या. डोळे जरा सुजलेले, पण चेहरा असा की पोटभर कोणाची तरी निंदा करून आल्या असाव्यात. मामा उठले, दोन पावलं पुढे गेले आणि त्यांनी ती निळ्या काठांची शाल मामींच्या खांद्यावर घातली. इतक्या साहेबांनी परत केलेली शाल. भाषण नाही, फोटो नाही.

"अहो, लोक बघताहेत," मामी म्हणाल्या. मग शालीचा काठ बोटांत धरून म्हणाल्या, "आणि हा सत्कार कशाबद्दल?"

मामांनी त्यांच्या हातातली पिशवी घेतली. "जाऊन आलीस ना," एवढंच म्हणाले.

शाल मामींनी परत केली नाही.

मामींची थोरली बहीण त्या थंडीच्या अखेरीला गेली. मधले सगळे शुक्रवार दोघी बहिणींना मिळाले, आणि मला विचाराल तर आमच्या कृती समितीनं एवढं एकच काम केलं. समिती आता कोणाला आठवत नाही, वड्याही बंद झाल्या, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. मामी अजून दर शुक्रवारी त्याच बसनं जातात. घाटावर बसतात, की बहिणीच्या सुनेकडे जातात, की नुसत्याच पंचवटीच्या बाजारातून फिरून येतात, मामा विचारत नाहीत. संध्याकाळ झाली की मामींची ती शाल घेऊन थांब्यावर जाऊन बसतात. परवा मी म्हटलं, "मामा, आता रस्ता चांगला झालाय, मामी येतील की आपल्या आपण." त्यांनी शालीची घडी नीट केली, चौफुलीकडे पाहिलं आणि म्हणाले, "येईल हो. पण उतरल्यावर गार वाटतं तिला."